रत्नप्रभा, वर्ग दुसरा

भाऊसाहेबांनी तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हटलं तेव्हा केतकी इंगवलेनं कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला. कीबोर्ड आपलाच आहे आणि भाऊसाहेबांना काहीच लागलेलं नाही, हे लक्षात आल्यावर तर तिचा पारा आणखी चढला.

भाऊसाहेब म्हणजे कोणी माणूस नव्हे. ‘कुलनिर्णय’ नावाची ती एक संगणकप्रणाली होती. विषाणूचा जनुकक्रम तिच्यापुढे टाकायचा, की तो कोणत्या कुळातला, कोणत्या वर्गातला आणि माणसाच्या अंगात सोडायला चालेल की नाही, हे ती कपातला चहा गार व्हायच्या आत सांगायची. कोल्हापूरच्या भक्षीपेढीतल्या मंडळींनी तिचं बारसं भाऊसाहेब असं केलं, कारण तिचा खाक्या गावाकडच्या तलाठ्यासारखा होता. एकदा सातबाऱ्यावर चढलं ते चढलं. मग जमिनीचा मालक कचेरीत येऊन कितीही बोंबलू दे.

पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘विषाणू: रत्नप्रभा. वर्ग: दुसरा, मुक्कामी. उपचारास परवानगी नाही. आधार: मूळ नोंद, डॉ. केतकी इंगवले. विश्वासार्हता: अत्युच्च.’

“अरे, मीच ती बाई!” केतकी पडद्यावर ओरडली. “मीच सांगतेय की ती नोंद चुकली आहे!”

‘आपला अभिप्राय मिळाला,’ भाऊसाहेबांनी तत्परतेनं कळवलं. ‘तो डॉ. केतकी इंगवले यांच्या नोंदीशी विसंगत असल्यामुळे त्याची विश्वासार्हता: अल्प.’

शेजारच्या टेबलावरचं कोणीतरी फिसकन हसलं. एरवी केतकीही हसली असती. पण तिकडे इस्पितळात तिच्या सासूबाई पाय सुजवून पडल्या होत्या आणि सोमवारी त्यांचा पाय गुडघ्याखालून काढायचा असं ठरलं होतं.

प्रतिजैविकं निकामी व्हायला लागून आता बराच काळ लोटला होता. पूर्वी ज्या जखमा गोळ्यांच्या एका पाकिटानं भरायच्या, त्या आता माणसाला आडवं करत. म्हणून तर प्रत्येक मोठ्या शहरात भक्षीपेढ्या निघाल्या. रक्तपेढीत रक्त ठेवतात, तसे इथे विषाणू ठेवलेले असत. माणसाला आजारी पाडणारे नव्हेत, तर जिवाणूंना खाणारे. त्यांना म्हणायचं जिवाणूभक्षी.

यांच्यातल्या पुष्कळांची ठेवण मोठी देखणी असते. वर वीस त्रिकोणी पाख्यांची एक डबी, तिच्यात दाबून दाबून भरलेला डीएनएचा धागा, खाली एक पोकळ शेपटी आणि शेपटीला बारीक पाय. एवढाच सगळा संसार. हा विषाणू स्वतः खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. बरोबर तोच जिवाणू भेटला, की त्याच्या अंगावर पाय रोवून बसतो, शेपटीतून आपला धागा आत ढकलतो आणि रिकामी डबी बाहेरच टाकून देतो. आत गेलेला धागा जिवाणूच्या सगळ्या यंत्रणेचा ताबा घेतो. मग जिवाणू स्वतःचं सोडून पाहुण्याच्याच डब्या, शेपट्या आणि पाय बनवत बसतो. अर्ध्याएक तासात शे-दोनशे नवे विषाणू तयार झाले की ते जिवाणूला फोडून बाहेर पडतात आणि पुढचं घर गाठतात. हा झाला पहिला वर्ग, फोडणारे. औषधाला हेच लागतात.

दुसरा वर्ग मुक्कामींचा. हे आत शिरल्यावर घाई करत नाहीत. त्यांच्याकडे एक जास्तीचं जनुक असतं, सुईसारखं. तिनं ते आपला धागा जिवाणूच्या धाग्यात शिवून टाकतात आणि पिढ्यान्‌पिढ्या निवांत राहतात. जिवाणू मरत नाही. उलट कधी काळी निघायची वेळ आलीच, तर हे जाताना घरातलं एखादं विषारी जनुक काखोटीला मारून पुढच्या घरी नेऊन सोडतात. म्हणून मुक्कामींना इस्पितळात बंदी होती, आणि ती योग्यच होती. केतकीनंच त्या बंदीच्या बाजूनं व्याख्यानं दिली होती.

तिसरा वर्ग माणसानं कातरून-जोडून बनवलेल्यांचा. त्यांना परवानगी मिळायला वर्ष लागे.

सासूबाईंच्या, म्हणजे आक्कांच्या, टाचेतला क्लेबसिएला नावाचा जिवाणू एकाही औषधाला दाद देत नव्हता. केतकीनं पेढीतले हजारो भक्षी एकामागून एक त्याच्यावर सोडून पाहिले. सगळे हात हलवत परत आले. एकानंच त्याचा फडशा पाडला, आणि तो म्हणजे रत्नप्रभा. भाऊसाहेब म्हणतात मुक्कामी, कारण त्याच्यात ती सुई आहे. पण केतकीनं ती सुई आता नीट वाचली होती. तिचं नेढंच तुटलेलं होतं, शिवणार काय? दोन दिवस खपून तिनं प्रयोगही केला होता. हल्ल्यातून वाचलेल्या एकाही जिवाणूत या विषाणूचा धागा सापडला नाही. बरं, ते तुटकं जनुक कापून टाकावं म्हटलं, तर काम अर्ध्या दिवसाचं. पण मग विषाणू माणसानं बदललेला ठरून तिसऱ्या वर्गात जाणार आणि वर्षभर लटकणार. ठेवलं तर बंदी, काढलं तर बंदी.

आणि या सगळ्याच्या मुळाशी तिचीच नोंद होती. हे तर तिला कोणापाशी बोलायचीही सोय नव्हती.

*

आक्का म्हणजे रत्नप्रभा इंगवले. गंगावेशीत त्यांचं मिरची कांडपाचं दुकान होतं. नवरा गेल्यावर दुकानावरच्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलं, तेव्हा त्या धैर्यशीलकडे, म्हणजे मुलाकडे, आठ दिवसांसाठी म्हणून राहायला आल्या. त्याला आता अकरा वर्षं झाली. छत केव्हाच दुरुस्त झालं होतं. दरम्यान घरातला दूधवाला बदलला, पडदे बदलले, शेजारणी केतकीला सोडून आक्कांशी बोलायला लागल्या. दारावरच्या पाटीवर केतकी आणि धैर्यशील यांच्या वर आक्कांचं नाव आलं. मिठाचा डबा गॅसच्या उजवीकडून डावीकडच्या फळीवर गेला. केतकी तो परत उजवीकडे ठेवी, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डावीकडे गेलेला असे.

आठ वर्षांपूर्वी एका शनिवारी या डब्यावरून घरात असं काही वाजलं, की केतकी जेवणाचा डबा न घेता आणि शब्द न बोलता बाहेर पडली. भक्षीपेढीत शनिवारचा एक रिवाज होता. प्रत्येकानं एक बाटली सांडपाणी घेऊन यायचं. कोणी नाल्यातलं, कोणी नदीघाटाजवळचं, कोणी इस्पितळाच्या गटारातलं. घाण जितकी जास्त तितके जिवाणू जास्त, आणि जिवाणू तिथे त्यांचे भक्षी. ज्याच्या बाटलीत नवा विषाणू निघेल त्यानं त्याचं नाव ठेवायचं. ते नाव साऱ्या जगाच्या यादीत कायमचं राहायचं.

त्या शनिवारच्या बाटलीत केतकीला नवा विषाणू मिळाला. त्यात सुईचं जनुक दिसलं. म्हणजे मुक्कामी असणार. खरं तर हे प्रयोगानं ताडून बघायचं असतं, दोन दिवसांचं काम. पण त्या दिवशी तिचं डोकं असं फिरलेलं होतं आणि विनोद इतका आयता समोर आला होता, की तिनं पडताळा न घेताच ‘मुक्कामी’ लिहिलं, नाव ‘रत्नप्रभा’ ठेवलं आणि नावाचा खुलासा म्हणून खाली एक टीपही टाकली. पेढीतले सगळे पोट धरधरून हसले. मग ती ते विसरूनही गेली.

भाऊसाहेब विसरले नाहीत. त्यांना अशाच लाखभर नोंदी वाचायला देऊन शहाणं केलेलं होतं. पूर्वी या विषाणूंची कुळं शेपटीवरून ठरत, लांब शेपटीचे वेगळे, आखूड शेपटीचे वेगळे. पुढे जनुकक्रम वाचता यायला लागला आणि ती कुळं मोडीत निघाली, कारण शेपटी सारखी असली तरी नातं असेलच असं नाही. सगळ्या विषाणूंत मिळून सामाईक असं एकही जनुक नसतं. तेव्हा कोण कोणाचा कोण, हे ठरवायचं तर आधी ठरवलेल्यांशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. आठ वर्षांत रत्नप्रभाशी ताडून कितीतरी विषाणू दुसऱ्या वर्गात गेले होते. केतकीच्या एका शनिवारच्या रागावर एक अख्खं कुळ उभं होतं.

आणि आक्का? नाव ठेवल्याचं प्रमाणपत्र धैर्यशीलनं कौतुकानं घरी आणलं तेव्हा त्यांनी ते चौकट करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलं. सुनेनं मान दिला, असंच त्या समजल्या. केतकीची ते खोडून काढायची हिंमत झाली नाही.

*

इस्पितळात ती पोचली तेव्हा आक्का शेजारच्या खाटेवरच्या बाईला संकेश्वरी मिरचीचे देठ कसे काढायचे ते समजावत होत्या. पाय उशांवर ठेवलेला, पट्टीतून पिवळं पाणी झिरपत होतं, अंगात ताप होता, पण तोंड चालू होतं.

“ही माझी सून,” त्या शेजारणीला म्हणाल्या. “हिनं माझ्या नावाचा विषाणू काढलाय. अमेरिकेत जावा न्हाईतर जपानात, यादीत नाव हाय माझं.”

केतकीनं कसनुसं हसून मान हलवली.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नेजदार फेरीवर आले होते. पायाला हात लावून त्यांनी तोंड वाकडं केलं. “परवानगी आली?”

“नाही. विशेष अपवादासाठी अर्ज करतेय. त्याला रुग्णाची संमती जोडावी लागते.”

“करा. पण सोमवारच्या पुढे मी थांबू शकणार नाही. विष वर चढलं तर पायावर निभावणार नाही.” मग ते जरा मवाळ आवाजात म्हणाले, “तुमचा तो विषाणू लागू पडला आणि जखम स्वच्छ झाली, तर पुढचं सोपं आहे. मांडीची कातडी काढून टाचेवर लावू. तिला कोणाला विचारावं लागत नाही. स्वतःच्या अंगातलं स्वतःच्या अंगात, ते औषध नव्हेच. पण मला एक सांगा, हजारो विषाणूंत हा एकच कसा लागू पडला?”

“नशीब,” केतकी म्हणाली. तिचं लक्ष अर्जात होतं.

परिचारिकेनं संमतीचं यंत्र आणून खाटेच्या कडेला ठेवलं. नवा कायदा असा होता, की रुग्णापासून काहीही लपवायचं नाही. जे टोचायचं त्याची समग्र माहिती रुग्णाच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायची, मगच त्यानं हो किंवा नाही म्हणायचं. केतकी निर्धास्त होती. धैर्यशीलही शाळेतले आपले तास आटोपून परस्पर आला होता आणि आईच्या उशाशी उभा होता.

यंत्र बातम्या दिल्यासारखं स्वच्छ आवाजात वाचू लागलं. डबीचा आकार, धाग्याची लांबी, वर्ग, धोके. आक्का डोळे मिटून कीर्तन ऐकावं तशा ऐकत होत्या.

“मूळ नोंदीतील टीप, शब्दशः,” यंत्र म्हणालं, आणि केतकीला ती टीप आठवली. तिनं यंत्राकडे हात टाकला, पण ते मध्येच बंद करायची सोयच कायद्यानं ठेवली नव्हती. “नाव माझ्या सासूबाईंवरून. आठ दिवसांसाठी म्हणून घरात शिरते, मुक्काम ठोकते आणि आतला सगळा कारभार आपल्या हातात घेते. यजमान मरत नाही, पण स्वतःचा राहत नाही. डॉ. केतकी इंगवले.”

शेजारच्या खाटेवरची बाई खोकली. धैर्यशील केतकीकडे बघत राहिला.

आक्कांनी डोळे उघडले. “पुन्ना लाव गं,” त्या परिचारिकेला म्हणाल्या.

“आक्का, अहो, ते…”

“तू थांब. लाव.”

यंत्रानं पुन्हा वाचलं. त्याच सुरात, त्याच ठसक्यात. ऐकून झाल्यावर आक्कांनी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

“संमती न्हाई म्हणून लिव्हा,” त्या म्हणाल्या. “पाय काय, जाऊ दे गेला तर.”

बाहेर व्हरांड्यात धैर्यशील म्हणाला, “तू हे लिहिलंस?”

“आठ वर्षांपूर्वी. रागाच्या भरात.”

“पण लिहिलंस.”

“हो, लिहिलं! आणि त्यातलं खोटं काय होतं ते सांग!” तिचा आवाज चढला. मग तिलाच लाज वाटली. “खोटं होतं. विषाणूचं तरी खोटंच होतं. मी तपासलंच नव्हतं.”

धैर्यशील काही बोलला नाही. दोघींच्या मध्ये अकरा वर्षं तो असाच काही न बोलता राहिला होता, आणि त्या क्षणी केतकीला त्याचाही तितकाच संताप आला.

*

तरी तिनं पुण्याला डॉक्टर उपाध्यांना फोन लावला. ते अपवाद समितीचे अध्यक्ष होते आणि एके काळी तिचे मार्गदर्शक. परवानगी हातात आली तर आक्कांच्या पाया पडून हो म्हणवता येईल, असा तिचा हिशेब होता.

उपाध्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “केतकी, असं बघ,” ते म्हणाले. “विषाणू शोधणारी तू. तो मुक्कामी आहे म्हणणारी तू. तो मुक्कामी नाही म्हणणारीही तू. आणि रुग्णाची सून तूच. यांतल्या कोणत्या केतकीवर समितीनं विश्वास ठेवावा?”

“प्रयोगावर ठेवा ना, सर. माझ्यावर नको. जिवाणूंच्या थाळ्यांचे फोटो पाठवलेत.”

“प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेनं करून दाखवायला हवा. नियम तुला ठाऊक आहे. तूच तर तेव्हा त्याच्यासाठी भांडली होतीस. समितीची बैठक दिवाळीनंतर आहे, तेव्हा विषय घेऊ.”

“दिवाळीपर्यंत पाय राहणार नाही, सर.”

“मला वाईट वाटतं,” उपाध्ये म्हणाले. त्यांना खरोखरच वाटत होतं, आणि त्याचा तिला काडीचाही उपयोग नव्हता.

ती पेढीत परतली. शनिवार होता. लांब टेबलावर सांडपाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. जयंती नाला. बाजारामागचं गटार. ती खुर्चीत बसून त्या बाटल्यांकडे नुसती बघत राहिली. असल्याच एका बाटलीनं हे सगळं करून ठेवलं होतं. तिची ती बाटली कुठली होती बरं? त्या दिवशी उशीर झाला होता. नाल्यापर्यंत जायला वेळ नव्हता. भांडून बाहेर पडल्यावर तिनं घराच्या मागे जाऊन चेंबरचं झाकण उचललं होतं आणि तिथलंच पाणी भरून घेतलं होतं.

घरच्याच चेंबरचं पाणी.

केतकी खुर्चीतून उठली. हजारो विषाणूंत हा एकच कसा लागू पडला, असं नेजदारांनी विचारलं होतं, आणि आपण मूर्खासारखं नशीब म्हणालो! यात नशिबाचा काय संबंध? क्लेबसिएला बाहेरून आलेलाच नव्हता. तो कित्येकांच्या आतड्यात मुकाट्यानं नांदत असतो. टाचेला भेग पडली, मधुमेहानं पाय बधिर झालेला, तो तिथे शिरला. म्हणजे जिवाणू आक्कांचाच, घरचा. आणि ज्याचं त्याच्यावरच पोट आहे तो विषाणूही तिथलाच. आठ वर्षांपूर्वी चेंबरमधून बाटलीत आला तो आक्कांच्याच पोटातून निघालेला होता. मग त्याचे वंशज आजही तिथेच असणार! इतक्या काळात जिवाणूनं आपली कुलपं बदलली असतील, पण पोटातल्या विषाणूंनी बरोबरीनं किल्ल्याही बदलल्या असतील. पेढीतल्या गोठवलेल्या रत्नप्रभापेक्षा ते सरसच निघायचे.

आणि स्वतःच्या अंगातलं स्वतःच्या अंगात, ते औषध नव्हेच. त्याला भाऊसाहेब लागत नाहीत, समिती लागत नाही, दिवाळी लागत नाही.

फक्त आक्का लागतात, हे लक्षात आल्यावर ती दारातच थबकली.

*

आक्का अजून भिंतीकडेच तोंड करून होत्या. त्यांनी सकाळपासून शेजारणीलाही मिरचीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

“आक्का, एक मागायचंय तुमच्याकडे.”

“माग की. अजून काय घ्यायचं ऱ्हायलंय?”

“संडासचा नमुना.”

आक्का वळल्या. “काय म्हणालीस?”

केतकीनं खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. जिवाणू तुमचाच, त्याला खाणाराही तुमचाच. तो पोटात आहे आणि जिवाणू पायात, एवढीच पंचाईत. पोटातला काढायचा, स्वच्छ करायचा, वाढवायचा आणि पायावर सोडायचा. इस्पितळाची प्रयोगशाळा करील, मी हातही लावणार नाही.

“म्हंजे त्यो गटारातला न्हवं?”

“गटारात तुमच्याकडूनच आला होता, आक्का.”

आक्का कोपरावर रेलून उठल्या. “म्हंजे नाव बराबर ठेवलं हुतंस.”

“नाव बरोबर होतं. खालचं सगळं चुकीचं होतं. तो मुक्काम ठोकत नाही. जिवाणू दिसला की फोडतो आणि निघतो. मी तेव्हा तपासलंच नाही.”

“का न्हाई तपासलंस?”

“राग आला होता.”

“मिठाच्या डब्याचा,” आक्का म्हणाल्या. त्यांच्याही लक्षात होतं तर. “अगं, गॅसच्या उजव्या अंगाला खिडकी. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतंय. त्यासाठी सरकवत हुते मी डबा. तुला यवढंसुदिक इचारावं वाटलं न्हाई, आनि मलाबी सांगावं वाटलं न्हाई.” त्यांनी चादर सारखी केली. “डब्याचं काय न्हाई गं. आठ वर्सं गिऱ्हाइकास्नी त्या चौकटीकडं बोट करून सांगत बसले. त्यातल्या कुनीतरी उघडून वाचलंच असंल की. मागनं हसली असत्याल मानसं.”

मला माफ करा, असं केतकी म्हणाली, पण ते तिचं तिलाच अपुरं वाटलं.

“जा,” आक्का म्हणाल्या. “भांडं आन.”

*

इस्पितळाच्या प्रयोगशाळेनं विषाणू काढला. नमुन्यात तो भरपूर होता. रीतीप्रमाणे जनुकक्रम भाऊसाहेबांपुढे गेला. त्यांनी कळवलं, ‘विषाणू: रत्नप्रभा, किंचित बदललेला. वर्ग: दुसरा, मुक्कामी. स्रोत: रुग्णाचा स्वतःचा देह. परवानगीची आवश्यकता नाही.’ ती शेवटची ओळ वाचून केतकीला हसावं की डोकं भिंतीवर आपटावं तेच कळेना.

रविवारी जखमेवर पहिला थेंब पडला. सोमवारी नेजदारांनी चाकू उचलला तो फक्त पायाची करंगळी काढायला. ती आधीच काळी पडली होती. पाय राहिला. ताप उतरला, पिवळं पाणी थांबलं, जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखं लालबुंद मांस दिसू लागलं. मांडीची कातडी टाचेवर बसली. तोवर जखमेत त्या जिवाणूचा मागमूस उरला नव्हता, आणि विषाणूचाही. खायलाच काही शिल्लक नाही म्हटल्यावर तेही संपले होते.

“कामापुरता आला आनि गेला म्हन की,” आक्का म्हणाल्या. त्या आता केतकीशी बोलत होत्या, व्यवस्थित, पाहुण्यांशी बोलावं तसं.

घरी सोडलं त्या दिवशी धैर्यशीलनं रिक्षा आणली. आक्कांनी आत बसता बसता रिक्षावाल्याला सांगितलं, “गंगावेस.”

“आई, घरी जायचंय,” धैर्यशील म्हणाला.

“घरीच चाललोय. दुकानावरची खोली झाडून घ्यायला लावलीया मी. छत बरं हाय आता.”

“आक्का, नका हो असं करू,” केतकी म्हणाली. “मी ती टीप काढून टाकते. आजच काढते.”

“काढू नगंस. दुरुस्त कर. काम झालं की निघती, असं लिही.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर केतकीला उलट भांडता तरी आलं असतं. “तुझ्यामुळं चालतीया गं मी. न्हाई म्हनत न्हाई. पन माझ्या पायानं मला कुठं जायाचं ते मी ठरवीन.”

दुकानाच्या अरुंद जिन्याशी धैर्यशीलनं हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला. कठडा धरून, एक एक पायरी चढून त्या वर गेल्या. खाली कांडप यंत्र धडधडत होतं. गल्ल्यावरच्या भिंतीवर चौकटीच्या जागी पांढुरका चौकोन दिसत होता.

घरी आल्यावर केतकीनं पहिलं काम केलं ते नोंद दुरुस्तीचं. या वेळी पुरावा भक्कम होता. प्रयोग इस्पितळाच्या प्रयोगशाळेनं केलेला, जखमेतून विषाणू नाहीसा झाल्याचे अहवाल, नेजदारांची सही. तिनं सगळं भाऊसाहेबांकडे पाठवलं आणि चहा टाकायला उठली.

चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं.

‘नवा पुरावा तपासला. हा विषाणू आठ वर्षांपूर्वी ज्या घरातून मिळाला, त्याच घरातील व्यक्तीच्या देहात आजही आढळला आहे. यावरून दीर्घ मुक्काम सिद्ध होतो. वर्ग: दुसरा, मुक्कामी. नोंद कायम. सहकार्याबद्दल आभारी आहोत.’

केतकीनं ते दोनदा वाचलं. विषाणू टिकला होता तो रोज नव्या जिवाणूंना फोडत राहिला म्हणून, शिवून बसला म्हणून नव्हे. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. ती खडसावून उत्तर लिहायला बसली, अर्धं वाक्य लिहिलं आणि तसंच सोडून स्वयंपाकघरात गेली. मिठाचा डबा गॅसच्या उजवीकडे होता. आक्का इस्पितळात गेल्यापासून तिनंच तो तिथे आणून ठेवला होता. झाकण उघडलं तर मिठाला पाणी सुटलं होतं. तिनं डबा उचलून डावीकडच्या फळीवर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. रत्नप्रभा मुक्कामी, हे भाऊसाहेबांचं म्हणणं निदान या घरात तरी खरं निघायला हवं होतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.